मडकेवाली भामाआत्या

भामाआत्या दूध घालायला यायची तेव्हा तिच्या डोक्यावर पितळी चरवी असायची आणि साप न्यायला यायची तेव्हा मातीचं मडकं. चालण्यात मात्र काही फरक नसायचा. मान ताठ, एक हात कमरेवर, दुसरा मोकळा झुलत, आणि तोंड सुरू. समोरून सायकलवर येणारा एखादा कामगार लांबूनच ओरडून विचारायचा, "आत्या, दूध हाय का जनावर?"

"हात घालून बग की, मुडद्या!"

तो सायकल सरळ गवतात घालायचा. आत्या हसायचीसुद्धा नाही.

तिच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. पण मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मराठीच्या तासाला ज्यांच्याविषयी वाचतो ती माणसं बहुधा मोठी असतात. आत्या मोठी होती की नाही हे मला ठरवता येत नाही. ती आमची दूधवाली होती.

आम्ही मूळचे पारनेरकडचे. वडील पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागले आणि आम्हाला कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या. भिंतींचा चुना अजून ओला होता. कॉलनी उभी राहिली ती जुन्या गावच्या वावरांत. मधले बांध तोडून, विहिरी बुजवून जमीन सपाट केलेली. खोल्यांना नंबर होते, पण गावच्या माणसांना ते मान्य नव्हते. आत्यानं पहिल्याच दिवशी आईला विचारलं, "तुमी करडईतल्या का हरभऱ्यातल्या?" आईला काही उमगेना. मग कळलं, आमची ओळ जिथे होती तिथे गावकरी करडई पेरत. आमच्या समोरची ओळ हरभऱ्यातली. एक टाइमकीपर राहायचे ते बांधावरचे. वडिलांना सुरुवातीला याचा राग यायचा. पुढे गावाकडून पाहुणे आले की तेच सांगायचे, "स्टेशनवरून सरळ या आणि करडई कुठं म्हणून विचारा."

बांध गेले तरी साप गेले नव्हते. विटांचे ढीग, ओल्या मोऱ्या आणि पत्र्याच्या डब्यातल्या धान्याला सोकावलेले उंदीर, सापांना आणखी काय पाहिजे? पहिल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्यामागे साप निघाला. आई बाजेवर चढली. वडील हातात मोठा पाना घेऊन दारात उभे राहिले आणि तिथेच उभे राहिले. इतक्यात आत्या दूध घेऊन आली. तिनं चरवी खाली ठेवली, वडिलांच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाली, "भाऊ, कारखान्याचं हत्यार कारखान्यात. एक मडकं आना, कोरं नगं, वापरल्यालं."

तिची रीत साधी होती. भिंतीच्या कडेला मडकं आडवं ठेवायचं, तोंड सापाकडे. मग दुसऱ्या बाजूनं केरसुणीची मागची बाजू जमिनीवर हलकेच आपटत पुढे सरकायचं, आणि सगळा वेळ बोलत राहायचं. "चला, उठा, लई बसला. हितं तुमचं कोन हाय? जावा तुमच्या घरी." अंधारी जागा दिसली की साप आपण होऊन आत शिरायचा. मग तोंडावर जुन्या लुगड्याची जाड घडी, वर सुंभ, आणि मडकं डोक्यावर. पवना नदीच्या काठी करवंदीच्या जाळ्या होत्या, तिथे ती नेऊन सोडायची.

पण लगेच नाही. आधी चहा. तोही कानाच्या कपातून. बशी पुढे केली तर ती ढकलून द्यायची. दाराच्या उंबऱ्याशी बसून, शेजारी मडकं ठेवून, त्यावर एक हात टेकून ती सावकाश चहा प्यायची आणि गावातल्या सगळ्या बातम्या सांगायची. मडक्यातून खसखस व्हायची. आईचा सगळा जीव त्या सुंभाच्या गाठीत. "आत्या, ते आधी सोडून या ना, मग निवांत बसा." आत्या मडक्यावर थोपटायची. "त्याला काय घाई न्हाई बाई. तुमालाच हाय."

मला ती 'कालेज' म्हणायची. मी पुण्याला जायला सकाळची पॅसेंजर पकडायला निघालो की हाक मारायची, "ए कालेजा, तितं सापाचं शिकिवत्यात का?"

"नाही आत्या. अर्थशास्त्र."

"मंग त्याचा काय उपेग?"

मी उत्तर शोधत स्टेशनापर्यंत जायचो.

साप तिला चांगले ओळखता यायचे. त्यांची वर्गवारी तिनं सासरच्या माणसांवरून केली होती. नाग म्हणजे सासरा. दिसला की पदर डोक्यावर घ्यायचा आणि गप उभं राहायचं, तो आपल्या तोऱ्यात निघून जातो. धामण म्हणजे नणंद. सगळ्या घरभर सळसळ, आदळआपट, पण दातात काही नाही. आणि घोणस म्हणजे सासू. कोपऱ्यात फुगून बसलेली, हलायची नाही, नुसती फुसफुसत राहणार, "आन् पाय पडला की मेलीस." हे ऐकताना कॉलनीतल्या सुना तोंडाला पदर लावून हसायच्या आणि सासवा आत निघून जायच्या. एकीनं एकदा विचारलं, "आन् मण्यार ओ आत्या?"

आत्यानं तिच्या पाठीत एक धपका घातला. "गप बस. त्याचं नाव घेत नसत्यात."

नवऱ्याविषयी ती यापेक्षा जास्त कधी बोलली नाही. तरुणपणीच ती सासर सोडून माहेरी आली होती आणि भावाच्या घरात राहत होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

ती सगळीच खरी होती असंही नाही. तिच्या दुधात पाणी असायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणायची, "आत्या, आज दूध फार पातळ आलंय." आत्या गंभीर होऊन सांगायची, "काय करू बाई, रातच्याला धामण म्हशीला पिऊन गेली." धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं ती खरंच मानायची, त्यामुळे तिला खोटं बोलल्यासारखं वाटत नसावं. मी एकदा धीर करून म्हटलं, "पण आत्या, धामण प्यायली तर दूध कमी होईल. पातळ कसं होईल?" तिनं चरवी उचलली. मग आईला म्हणाली, "ह्याला वकील करा."

तिचा भाऊ म्हणजे गावचा भगत. सावळाराम त्याचं नाव, पण सगळे भगतबाबाच म्हणत. आत्याच्या अगदी उलट. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. साप चावलेल्या माणसाला बहिरोबाच्या देवळात आणत, लिंबाच्या डहाळ्यांवर निजवत, आणि भगतबाबा ओल्या धोतरानं त्याच्या शेजारी बसून कानात मंत्र म्हणे. तोंडावर हात धरून, कुणाला ऐकू जाऊ नये असा. माणूस उठून बसेपर्यंत तो स्वतः पाणी पीत नसे आणि कुणाकडून सुपारीचं खांडही घेत नसे. पंचक्रोशीत त्याला मान होता. पुनावळ्यापासून लोक बैलगाडीतून रुग्ण घेऊन येत.

मंत्राचं एक पथ्य होतं. तो चारचौघांत मोठ्यानं म्हटला की फुटतो. एकदा फुटलेला मंत्र पुन्हा लागू पडत नाही, कुणाच्याच तोंडून नाही. बाईनं तर तो शिकायचाही नाही. पण आत्याला तो येत होता. हे तिनंच एकदा चहा पिताना सांगितलं. लहानपणी ग्रहणाच्या दिवशी बापानं दादाला नदीत छातीभर पाण्यात उभं करून मंत्र दिला, तेव्हा काठावर दोघांची कोरडी कापडं धरून ही उभी होती. "बा सांगायचा, दादा इसरायचा. पुना सांगायचा, पुना इसरायचा. मला तवाच पाठ झाला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुनाला बोलू नगा. दादाला ठाव न्हाई."

त्या वर्षी दसरा होऊन गेला होता. मला सुट्टी होती. दुपारची वेळ. आमच्या शेजारी बार्शीकडचं एक कुटुंब राहायचं: वसंता, त्याची आई आणि नव्यानं लग्न होऊन आलेली शांतावहिनी. वहिनी मागच्या अंगणातल्या गवऱ्या काढायला गेली आणि तिथूनच ओरडली. आम्ही धावलो तर ती खाली बसलेली, घोट्याजवळ रक्त आणि गवऱ्यांच्या ढिगातून लोहाराच्या भात्यासारखा आवाज. वसंताला शिफ्टवरून बोलावून आणलं. तो येईपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि रक्त थांबत नव्हतं. दवाखान्यातले कंपाउंडर सायकल घेऊन आले. पाय बघून म्हणाले, "ताबडतोब पुण्याला मोठ्या इस्पितळात न्या. याच्यावरची लस तिथेच मिळेल."

वसंताच्या आई म्हणाल्या, "देवळात."

वसंतानं आईकडे पाहिलं आणि वहिनीला निजवलेली बाज उचलली.

देवळाच्या मंडपात वहिनीला निजवलं. आम्ही सगळे बाहेर. भगतबाबा नुकताच नदीत बुडी मारून आला होता. तो खाली बसणार इतक्यात भामाआत्या आली. ती आधी कॉलनीत गेली होती. ती गर्दीतून सरळ आत गेली, वहिनीचा पाय पाहिला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्यांतूनही रक्त येत होतं.

"दादा, घोणस हाय. गवऱ्यांत बसलीया. म्या डोळ्यांनी बगून आले."

"देवाला समदी सारखीच."

"देवाला असत्याल. ह्या पोरीला न्हाईत. तिला पुन्याला जाऊ दे."

"भामे, बायकांनी हितं मधी बोलू न्हाई."

"घोणशीचं मानूस हितनं आपल्या पायानं घरी गेल्यालं तू बगितलंस का? म्या तरी न्हाई बगितलं."

भगतबाबाला 'हो' म्हणता आलं असतं. इतक्या लोकांत कोण त्याला खोटं ठरवणार होतं? पण तो खाली बघत राहिला. हे मला त्याचं नेहमी आठवतं.

बोलल्या त्या वसंताच्या आई. "अवो, तुमी कशाला अशुभ बोलता? गावाची येस वलांडली की इख डोक्यात चढतंय. हितं मंतर हाय तवर माझी सून कुठं जायाची न्हाय." आणि त्या सुनेच्या पायाशी फतकल मारून बसल्या. वसंता खांबाला धरून रडत होता. कंपाउंडर पुन्हा काही म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही.

आत्यानं भावाकडे पाहिलं. मग ती मंडपाच्या पायरीवर आली, आमच्या सगळ्यांकडे तोंड केलं, आणि सकाळी दुधासाठी हाळी देते त्याच आवाजात तिनं मंत्र म्हणायला सुरुवात केली.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग एका म्हाताऱ्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. दुसरा कुणीतरी ओरडला, "आरं, धरा तिला!" पण बाईला धरायचं कुणी? ती म्हणतच राहिली. त्या मंत्रात काय होतं ते मी लिहीत नाही. ऐकला तेव्हा तो मला अगदी साधा वाटला, मुलं खेळताना म्हणतात तसा, मध्ये काही देवांची नावं. भगतबाबा तिला अडवायला उठला नाही. नुसतं "भामे... भामे..." म्हणत राहिला, हळूहळू, जणू ती त्याच्यापासून लांब लांब चालली होती. ती थांबली तेव्हा देवळात वहिनीच्या कण्हण्याशिवाय आवाज नव्हता.

"झालं," आत्या म्हणाली. "आता हितं काय न्हाई. उचला बाज."

मुंबई-पुणे रस्त्यावर भाताची पोती घेऊन चाललेली एक लॉरी मिळाली. पोत्यांवर वहिनीला निजवलं. वसंता, कंपाउंडर आणि आत्याला शिव्याशाप देत वसंताच्या आई, असे तिघं बरोबर गेले. आत्या रस्त्यावरूनच परत फिरली. कॉलनीत येऊन तिनं लांब काठीनं ती घोणस मडक्यात घेतली. नेहमीसारखं बोलली नाही. चहाही मागितला नाही.

शांतावहिनी वाचली. बरेच दिवस इस्पितळात होती. आत्या कुणाच्या ना कुणाच्या लॉरीतून पुण्याला जाऊन तिला दूध देऊन यायची. ते दूध घट्ट असायचं, असं वसंता सांगायचा. वहिनी घरी आली तेव्हा वसंताच्या आईंनी आत्यापुढे नारळ ठेवला, पाया पडल्या, आणि उठता उठता म्हणाल्या, "फुटायच्या आदी थोडा लागू पडला व्हता बगा."

"पडला आसंल," आत्या म्हणाली.

गावात मात्र तिला कुणी माफ केलं नाही. भावानं तिला घराबाहेर काढलं नाही. त्यानं फक्त बोलणं बंद केलं. तो तिच्या समोर जेवायचा, तिनं वाढलेलं खायचा, आणि तिच्याकडे बघायचा नाही. शेवटी तीच म्हैस सोडून घेऊन निघाली. कॉलनीच्या कडेला वीटभट्टीवाल्यांनी सोडून दिलेली एक खोपी होती, तिथे राहू लागली. वडिलांनी आणि वसंतानं खोपीवर पत्रे टाकून दिले. देवळात कुणी रुग्ण आणत नव्हतं. भगतबाबा रोज संध्याकाळी तिथे दिवा लावून नुसता बसून राहतो, असं ऐकू यायचं.

"पाप लागंल तुला," गावच्या बायका तिला नदीवर म्हणाल्या.

"लागू दे की. खोपीत म्हस हाय, मी हाय. त्यात पाप एक," ती म्हणाली. हे तिनंच आम्हाला हसत हसत सांगितलं. पण भाऊबीजेला तिनं ताट तयार केलं होतं. निरांजन, सुपारी, करंज्या. खोपीच्या दारात पाट मांडून ती गावच्या वाटेकडे तोंड करून बसली होती. मी दूध आणायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आमचा दादा लई मानी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बाची ठेव व्हती ती त्याच्यापाशी. म्या मोडली." मग करंज्या माझ्या पुढ्यात सरकवल्या. मला खाववेनात, पण नको म्हणायचंही धाडस झालं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी वडिलांना खडकीला दुसरी नोकरी लागली आणि आमचं कॉलनीतून हलायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी आत्याचा निरोप घ्यायला गेलो. ती म्हशीला चारा घालत होती. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात गावाकडून एक बैलगाडी जोरात येताना दिसली. गाडीत गावातला एक गडी आडवा पडलेला, भात पेरताना पायाला साप चावलेला. बैलांचा कासरा भगतबाबाच्या हातात होता. घाबरलेल्या लोकांनी जुन्या सवयीनं त्या गड्याला देवळात आणलं होतं आणि भगतबाबानं त्याला उचलून गाडीत घातलं होतं.

गाडी खोपीपुढे थांबली. भगतबाबा खाली उतरला नाही. आत्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तिला म्हनावं, इस्पितळाची वाट मला ठाव न्हाई."

आत्या दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं हातातली वैरण टाकली आणि मला म्हणाली, "त्याला म्हनावं, बैल सडकंकडं घे."

मी दोघांच्या मध्ये उभा. निरोप सांगायची गरजच पडली नाही. गाडी निघाली, मागून आत्या, तिच्या मागून मी.

सडकेवर एक लॉरी येत होती. भगतबाबा कडेला उभा राहून अवघडल्यासारखा हात वर करत होता; त्यानं आयुष्यात कधी लॉरी थांबवली नसावी. आत्या सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. लॉरीवाल्यानं भोंगा वाजवला. ती हलली नाही.

"अगं ये येडे!" भगतबाबा एकदम ओरडला. "कडंला हो! अंगावर घालतोय त्यो!"

"घालू दे! तू गड्याला खाली घे!"

लॉरी चाकं घासत तिच्यासमोर थांबली. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, त्यानं गड्याचं तोंड बघितलं, आणि मागची फळी उघडून त्यानंच पाय धरले. भगतबाबा वर चढला. आत्याला वर चढता येईना, तेव्हा त्यानं वाकून तिचं मनगट धरलं आणि तिला आत ओढून घेतलं.

लॉरी सुरू झाली. भगतबाबा गड्याच्या डोक्याशी बसला, तोंडावर हात धरला आणि त्याच्या कानाशी वाकला. ओठ हलू लागले. फळीला धरून उभी राहिलेली आत्या इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "मोठ्यानं म्हन की, दादा! ह्या खडखडाटात त्याला कुटं ऐकू जातंय!"

धुरळ्यातून मला एवढंच दिसलं, की भगतबाबानं तोंडावरचा हात खाली घेतला होता.